बिभीषण पेंटरचे पंचवीस मावळे

मिरजगावच्या बिभीषण पेंटरला हळू बोलताना कुणी ऐकलेलं नाही आणि त्याने काढलेलं बारीक अक्षर कुणी पाहिलेलं नाही. चाळीस वर्षं त्याने बोर्ड रंगवले. पिठाची गिरणी, खताचं दुकान, भेळेचा गाडा, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावरचा ‘आईवडिलांचा आशीर्वाद’, सगळं त्याच्या हातचं. धावत्या एसटीतल्या माणसाला मान न वळवता वाचता आलं पाहिजे, हा त्याचा नियम. त्यासाठी दर दोन अक्षरांनंतर तो शिडीवरून उतरायचा, रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि परत शिडीवर चढायचा. एका बोर्डापायी त्याचं कर्जतच्या निम्म्या वाटेएवढं चालणं व्हायचं. एका मास्तरांनी दाराशेजारी नाव रंगवून मागितलं, तर याने एवढं मोठं रंगवलं की आडनाव शेजाऱ्याच्या भिंतीवर गेलं. मास्तर अजून बोलत नाहीत. शेजाऱ्याची काही तक्रार नाही, त्याची निम्मी भिंत फुकटात रंगवून झाली.

बायकोचं नाव लंकाबाई. लग्नात अक्षता पडल्या तेव्हा नवरीचा मामा मांडवात ओरडला होता, “ह्या बिभीषनाला रामाच्या मदतीबिगर लंका गावली!” सगळा मांडव हसला आणि नवरदेवही हसला. पुढे त्या लंकेत राज्य कुणाचं चाललं ते विचारू नये. लंकाबाई बोलते थोडं, पण ज्याला लागायला हवं त्याला बरोबर लागतं.

फ्लेक्स आले आणि बिभीषणचं काम आटलं. तरी त्याला त्याचं एवढं वाटत नव्हतं, कारण जुने बोर्ड होते. सकाळी चहाला निघाला की या टोकापासून त्या टोकापर्यंत आपलीच अक्षरं बघत जायची, हा त्याचा फेरफटका. मग रस्ता रुंद झाला. कडेची दुकानं मागे सरकली, जुने पत्रे भंगारात गेले आणि नव्या शटरांवर नवे फ्लेक्स लागले. यंदाच्या पोळ्याला शेवटची गिरणीची भिंतही पडली. त्या दिवशी बिभीषण चहाला गेला आणि चहा न पिता परत आला. त्या साऱ्या रस्त्यावर त्याच्या हातचं एक अक्षर उरलं नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. लंकाबाईला न सांगता कळलं.

अशात वाचनालयाने आव्हान काढलं. वाचनालयात कपाटं चार आणि नेमाने येणारे वाचक पाच, त्यामुळे धनश्री ही तिथली तरुण ग्रंथपाल लोकांना आत ओढायला दरवर्षी नवं काहीतरी काढते. यंदा तिने कुंभाराकडून भाजलेले, बिनरंगाचे मावळे आणले, करंगळीएवढे. घटस्थापनेपासून पंचवीस दिवस रोज एक मावळा रंगवायचा आणि दिवेलागणीच्या आत त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. ज्या दहा जणांच्या मावळ्यांना सगळ्यांत जास्त बदाम मिळतील, त्यांचे मावळे दिवाळीत वाचनालयासमोर, स्टँडशेजारी रस्त्याला लागून उभारायच्या मोठ्या किल्ल्यावर बसणार. मोबाईलवर लोक पसंतीचं लाल चिन्ह पाठवतात, त्याला आमच्याकडे बदामच म्हणतात.

बिभीषणला ही बातमी चहाच्या हॉटेलात आप्पासाहेबांकडून कळली. आप्पासाहेब निवृत्त ग्रामसेवक. गावातली प्रत्येक बातमी त्यांच्याकडे आधी येते आणि त्यांच्याकडून निघताना दुप्पट होते.

“पेंटर, पंचवीस मावळे रंगवायचेत म्हणं. घ्या नाव.”

“पंचवीस?” बिभीषण म्हणाला, आणि हॉटेलातल्या सगळ्यांनी मान वर केली, कारण तो पलीकडच्या गॅरेजलाही ऐकू गेला. “पंचवीस तर मी दुपारच्या भाकरीच्या आत करतो!”

त्याच्या मनात बदाम नव्हते. रस्त्याला लागून किल्ला, एवढंच त्याने ऐकलं होतं. रस्त्यावरून दिसेल असं आपल्या हातचं काहीतरी पुन्हा गावात उभं राहील, ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात बसली.

खोकं घरी आलं. त्याने एक मावळा काढून तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला, मग खोक्यात वाकून पाहिलं.

“बाकीचा कुठंय ह्याचा?”

“एवढाच हाय,” लंकाबाई म्हणाली. “आता म्हना दुपारच्या भाकरीच्या आत.”

बिभीषणच्या घरात सगळ्यांत बारीक ब्रश होता तो एक इंची पट्टीचा. त्याने मावळ्याचं तोंड रंगवायला घेतलं आणि तोंडाबरोबर छाती, ढाल आणि स्वतःचा अंगठाही रंगला. तरी तो डगमगला नाही. पगडी लालभडक, अंगरखा पिवळाधमक, मिशी या कानापासून त्या कानापर्यंत, आणि डोळे असे पांढरेशुभ्र टपोरे की त्यांना जागा करून द्यायला नाकाला माघार घ्यावी लागली. मग त्याने मावळ्याच्या उजव्या अंगाला डोक्यापासून पायापर्यंत काळा पट्टा ओढला.

“ह्याला डांबर लागलं का काय?” लंकाबाईने विचारलं.

“शेड हाय ती. अक्षराला शेड दिल्याबिगर अक्षर उठत न्हाई.”

“अवो, पन हे अक्षर न्हाई, मानूस हाय.”

“मानसालाबी उठायला शेड लागती,” बिभीषण म्हणाला आणि मावळ्याच्या पायाखालच्या चौथऱ्यावर सही करायला बसला. चाळीस वर्षं तो प्रत्येक कामाखाली ‘बिभीषण आर्ट, मिरजगाव’ असं लिहीत आला होता. इथे ‘बिभी’ एवढ्यातच चौथरा संपला.

फोटो ग्रुपवर गेला. पहिला प्रश्न आला, बिभी कोण? तेव्हापासून महिनाभर सगळा ग्रुप त्याला बिभीकाका म्हणत राहिला. बदाम आले तीन. त्यातला एक चुकून बोट लागून त्याचा स्वतःचाच होता, आणि एक आप्पासाहेबांचा, जे वाढदिवसाला आणि दुखवट्याच्या निरोपालाही बदामच पाठवतात.

त्याच संध्याकाळी पंकजाचा मावळा आला. पंकजा गावची सून, स्टँडमागे तिचं ब्यूटी पार्लर. दिवसभर ती बायकांच्या भुवया कोरते, तेव्हा मावळ्याच्या भुवया तिने कशा कोरल्या असतील ते सांगायला नको. मिशीचा केस न् केस वेगळा. पगडीला घडी, घडीला सावली, अंगरख्यावर बारीक बुट्टी आणि गालावर उन्हाने रापल्याची तांबूस झाक. फोटो बोटांनी कितीही मोठा केला तरी काम बारीकच दिसायचं. बदाम एक्केचाळीस. बिभीषणचा मावळा मोठा केला की मात्र ब्रशचे केस आणि अंगठ्याचा ठसा दिसायचा.

नवव्या दिवशी सतरा जणांत बिभीषण सोळावा होता. सतरावा कानिफनाथ. त्याचं खोकं तिसऱ्याच दिवशी म्हशीने लाथाडलं होतं, तेव्हापासून त्याने काही रंगवलंच नव्हतं. हॉटेलात लोक विचारू लागले, “पेंटर, आज मावळ्यानं गॉगल घातलाय का?” बिभीषण मोठ्याने हसायचा. पण घरी आल्यावर त्याला जेवण जात नव्हतं. रस्त्याला लागून किल्ला होणार, त्यावर पंकजाचे मावळे असणार, बँकेतल्या साहेबांचे असणार, आणि ज्याने चाळीस वर्षं हा रस्ता रंगवला त्याचं तिथे काहीच नसणार, हे त्याला सहन होईना.

बाराव्या दिवशी त्याने हट्ट गिळला. नगरहून मागवलेला झिरो नंबरचा ब्रश काढला, लंकाबाईचा चष्मा स्वतःच्या चष्म्यावर चढवला आणि सकाळपासून बसला. श्वास धरायचा, एक रेघ ओढायची, श्वास सोडायचा. त्या दिवशी तो कुणावर ओरडला नाही, तेव्हा शेजारच्या रंगुबाई येऊन विचारून गेल्या, “पेंटरला बरं न्हाई का?” पंकजाच्या फोटोत बघून त्याने मिशीचे केस वेगळे केले, अंगरख्यावर बुट्टी उठवली, डोळे तिळाएवढे ठेवले. शेड दिली नाही आणि सहीही केली नाही. चार वाजता फोटो टाकला आणि बदाम येऊ लागले. दहा, वीस, एकोणतीस. खुद्द पंकजाने लिहिलं, ‘काका, भारी!’

तो मावळा तळहातावर घेऊन तो ओट्यावर आला. लंकाबाई बाजरी निवडत होती. तिने चष्मा परत घेतला, नाकावर ठेवला आणि मावळा नीट पाहिला.

“चांगला हाय. पंकजाचा का?”

“माझा हाय!”

“व्हय का,” ती म्हणाली आणि पुन्हा बाजरीकडे वळली. “मला वळखला न्हाई.”

एवढंच ती बोलली आणि बिभीषणचे एकोणतीस बदाम तिथेच विझले. अडतीस वर्षांच्या संसारात लंकाबाईने त्याचं काम ओळखलं नाही असं कधी झालं नव्हतं. अक्षरओळख नसतानाही ती परगावच्या रस्त्यावर एखादा बोर्ड बघून ‘ह्यो तुमचा’ म्हणून सांगायची. आता उरलेले तेरा मावळे असेच केले तर आपण दहांत बसू, हे त्याला कळत होतं. किल्ल्यावर आपले मावळे उभे राहतील आणि ते आपले आहेत हे कुणालाच कळणार नाही, हेही कळत होतं. रात्री त्याला झोप लागली नाही.

सकाळी उठून त्याने एक इंची ब्रश घेतला. याला मोठा निर्धार वगैरे म्हणायचं कारण नाही, आदल्या दिवसाने त्याची मानही धरली होती. पण तेराव्या मावळ्याचे डोळे आधीच्यांपेक्षाही मोठे झाले आणि शेड इतकी जाड पडली की मावळा भिंतीला टेकून उभा आहे असं वाटावं. लंकाबाईने जाता-जाता बघितलं आणि न विचारता चहा ठेवला.

पंचवीस दिवस झाले. यादी लागली, तेव्हा बिभीषण बारावा आला होता. दहांतल्या सगळ्यांना त्याने ग्रुपवर ‘अभिनंदन’ असं जाड अक्षरांत लिहिलं आणि गुडघा दुखतो म्हणून दोन दिवस घराबाहेर पडला नाही. त्या दोन दिवसांत तो एकदाही गुडघा धरून बसलेला दिसला नाही.

वसुबारसेला किल्ला उघडला. किल्ला झक्कास झाला होता, हे रुसलेला बिभीषणही कबूल करेल. काळ्या मातीचा, दोन पुरुष उंच, बुरूज, तटबंदी, आळिवाचं हिरवंगार गवत. महाराजांची मूर्ती आत खोल सदरेवर बसवली होती. पण पहिल्या तासातच कुणाची तरी शेळी तटावर चढली. निम्मं गवत खाल्लं आणि उतरताना एक बुरूज खाली घेऊन आली. घाबरून धनश्रीने किल्ल्याभोवती पंधरा फुटांवर दोरी बांधली.

दोरी बांधली आणि मावळे दिसेनासे झाले. दहा जणांचे अडीचशे मावळे, एकेकाच्या भुवया कोरलेल्या, बुट्ट्या काढलेल्या, आणि पंधरा फुटांवरून वाटावं की किल्ल्यावर कुणी तूर वाळत घातली आहे. रस्त्यावरून तर तेवढंही दिसेना. उद्घाटनाला आप्पासाहेब होते. त्यांनी दोरीशी उभं राहून ‘या मावळ्यांच्या चेहऱ्यावरचं तेज’ यावर वीस मिनिटं भाषण केलं, आणि सगळा वेळ बोट ज्या बाजूला दाखवलं तिथे नुसते दगड होते. लोक येत होते, माना लांब करत होते आणि ‘मावळे कुठंयत?’ म्हणत परत जात होते.

धनत्रयोदशीच्या सकाळी धनश्री बिभीषणच्या दारात आली.

“काका, तुमचे मावळे द्याल का?”

“आता व्हय आठवन आली?” बिभीषण म्हणाला. “बारावा आलोय मी. नियम म्हंजी नियम.”

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “फोटो बघून निवडले आम्ही. किल्ला फोनवर नसतो, रस्त्यावर असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कालपासून लोक मावळे शोधतायत.”

बिभीषणला आणखी थोडं रुसायचं होतं. दोन-तीन चांगली वाक्यं त्याने दोन दिवसांत तयार करून ठेवली होती. पण तेवढ्यात लंकाबाई आतून पाटी घेऊन आली. पाटीत पंचवीस मावळे, वर धुतलेलं फडकं.

“चला,” ती म्हणाली. “ऊन व्हायच्या आत लावून घ्या.”

तिथे पोचल्यावर बिभीषणने आधी रस्ता ओलांडला. पलीकडे उभं राहून एक डोळा मिटला, मग दुसरा. मग तिथूनच ओरडून धनश्रीला सांगू लागला, “वरच्या तटावं! हात-हातभर अंतर ठिव! त्यो मधला जरा फिरीव, शेड दिसू दे!” सगळं स्टँड थांबून बघत होतं. तो तीनदा पलीकडे गेला आणि तीनदा परत आला. दुखरा गुडघा त्याला आठवला नाही.

चौथ्यांदा परत येताना त्याला पंकजा दिसली. सासूला किल्ला दाखवायला आणलं होतं तिने. दोरीशी उभी राहून ती फोनचा कॅमेरा मोठा-मोठा करून आपले मावळे शोधत होती.

“तुजा कुठला गं?” सासूने विचारलं.

“तो... तिकडं असंल,” पंकजा म्हणाली. तिला सापडत नव्हता. पंचवीस दिवस डोळे फोडून केलेलं काम तिथेच कुठेतरी होतं आणि ते कुणालाच दिसत नव्हतं, तिलाही नाही.

बिभीषण तिथेच थांबला. आपल्या हातचं बघायला निघावं आणि ते कुठे नसावं, हे त्याच्याइतकं त्या गावात कुणाला कळणार? तो रुसवा, ते बदाम, ते बारावेपण, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं.

“पोरी, त्यो फोन ठिव आनि मला इटा आनून दे,” तो म्हणाला.

दोघांनी मिळून दोरीच्या आत, हाताच्या अंतरावर, विटांचा बुटका तट रचला. वरचे बारीक मावळे एकेक करून खाली आणले आणि ओळीने त्यावर लावले. पंकजाचे बरोबर मधे. “लांबचं काम लांब, जवळचं काम जवळ,” बिभीषण तिला सांगत होता. “तुजं काम वाकून बघायचं हाय. लोकांना वाकायला जागा नगं का?” सासू वाकली आणि म्हणाली, “अगं बया, ह्याच्या तर भुवया तुज्यासारख्या हायत.” पंकजा लाजली.

पाटीत एक मावळा उरला होता, बाराव्या दिवसाचा. बिभीषणने तो पंकजाच्या ओळीच्या शेवटी ठेवला.

“काका, हा तुमचा आहे. वर न्या ना,” ती म्हणाली.

“वर त्यो दिसायचा न्हाई. तुज्याकडं बघून शिकलाय, तुज्यातच ऱ्हाऊ दे.”

संध्याकाळी पणत्या लागल्या, तेव्हा बिभीषण आणि लंकाबाई रस्त्याच्या पलीकडे उभी होती. वरच्या तटावर चोवीस मावळे होते. लाल पगड्या, पिवळे अंगरखे आणि पांढरेशुभ्र टपोरे डोळे, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकावर रोखलेले. शेडमुळे एकेक जण मातीपासून सुटून पुढे आला होता.

नगरकडून एसटी आली आणि गतिरोधकापाशी हळू झाली. खिडकीत एक म्हातारी बसली होती. तिची नजर तटाकडे गेली, ते डोळे तिने पाहिले, आणि तिने घाईने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

“आजी, अवो देव न्हाई त्यो!” बिभीषण ओरडला. “मावळं हायत, मी रंगवल्यात!”

एसटी पुढे निघून गेली.

“ओरडताय कशाला? जाऊ द्या की,” लंकाबाई म्हणाली. “चाळीस वर्सं रंगवलंत. लोकांनी वाचलं आन् फुडं गेले. हात कुनी जोडले हुते का?”

बिभीषणला रडू आलं. भर स्टँडवर, सगळ्यांच्या देखत तो रडला. लंकाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही, ती किल्ल्याकडेच बघत राहिली. तेवढ्यात दुसऱ्या एसटीचा दिवा वळणावर दिसला, आणि दोघंही तिच्या खिडक्यांची वाट बघू लागली.